अंगणातल्या चिमणीवर लिहायचे कसे?

नोव्हेंबर महिना आला की राज्यातल्या शाळांना पक्ष्यांची आठवण होते. ५ नोव्हेंबर हा मारुती चितमपल्ली यांचा जन्मदिवस आणि १२ नोव्हेंबर हा डॉ. सलीम अली यांचा. हे दोन दिवस जोडून महाराष्ट्र शासनाने २०२० मध्ये ‘पक्षी सप्ताह’ जाहीर केला. चितमपल्ली सोलापुरात जन्मले. वनखात्यात नोकरी करता करता त्यांनी जंगलातल्या माणसांच्या तोंडचे शब्द मराठी पुस्तकांत आणले. सलीम अली मुंबईत, खेतवाडीतल्या एका मुस्लिम घरात वाढले आणि देशभरातल्या पक्ष्यांची माहिती त्यांनी सामान्य वाचकाच्या हातात दिली. या दोघांच्या नावाने आठवडा साजरा होतो ही आपल्या राज्यासाठी चांगली गोष्ट आहे.

या आठवड्यात शाळांमध्ये चित्रकलेची स्पर्धा होते, घोषणा लिहिल्या जातात आणि निबंध तर हमखास असतो. आज आपण या निबंधाबद्दलच बोलू या. कारण तो लिहायची वेळ आली की घरात काय घडते ते सगळ्या पालकांना माहीत आहे. मूल आदल्या रात्री वही घेऊन येते. अम्मी स्वयंपाकघरातून सांगते, “गाईडमध्ये बघ.” मोठा भाऊ मोबाईलवर काहीतरी शोधून देतो. मग निबंध तयार होतो. पक्षी आपले मित्र आहेत. माणसाने जंगले तोडली. मोबाईल टॉवरमुळे चिमण्या नाहीशा झाल्या. आपण सर्वांनी निसर्ग वाचवला पाहिजे. अक्षर सुंदर, शुद्धलेखन नीट, दहापैकी आठ गुण.

अशा निबंधात खोटे असे फारसे काही नसते, पण त्यात गाव नसते, मोहल्ला नसतो आणि लिहिणारे मूलही नसते. मालेगावच्या मुलीने लिहिला काय, दापोलीच्या मुलाने लिहिला काय, एकाचे पान दुसऱ्याच्या वहीत चिकटवले तरी कोणाच्या लक्षात येणार नाही. पक्षी मात्र असे सगळीकडे सारखे नसतात.

चिमणीचेच पाहू. देशातल्या पक्ष्यांची स्थिती सांगणारा एक मोठा अहवाल २०२० मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात घरचिमणीबद्दल जे आढळले ते आपल्या निबंधांपेक्षा वेगळे होते. गेल्या पंचवीसेक वर्षांत देशपातळीवर चिमणीची संख्या साधारण स्थिर आहे. मुंबईसह सहा मोठ्या शहरांत मात्र ती हळूहळू घटत असल्याचे दिसते. म्हणजे मुंबईच्या मुलाने चिमणी कमी झाल्याचे लिहिले तर ते बरोबर असू शकते. खेड्यातल्या मुलीने मात्र दारात रोज दहा चिमण्या दाणे टिपत असताना चिमण्या संपल्या असे लिहिले, तर ती आपल्या डोळ्यांपेक्षा गाईडवर जास्त विश्वास ठेवते आहे. टॉवरमुळेच चिमण्या गेल्या, हेही अजून सिद्ध झालेले नाही.

असे अहवाल कशातून तयार होतात तेही मुलांना सांगायला हवे. याच मालिकेतला पुढचा अहवाल २०२३ मध्ये आला. त्यात ९४२ जातींच्या पक्ष्यांचा आढावा होता. त्यामागे तीस हजारांहून अधिक पक्षिनिरीक्षकांनी केलेल्या सुमारे तीन कोटी नोंदी होत्या. हे सगळे काही शास्त्रज्ञ नव्हते. शिक्षक, विद्यार्थी, बँकेतले कारकून, निवृत्त माणसे अशा लोकांनी आपापल्या परिसरात काय दिसले ते तारीख, वेळ आणि जागा घालून लिहिले होते. कोणत्या पक्ष्याला आधी वाचवायचे हे ठरवायला अशा साध्या नोंदी उपयोगी पडतात. ‘निसर्ग वाचवा’ असे हजार वेळा लिहिलेल्या निबंधातून ती माहिती मिळत नाही.

आता खेतवाडीतल्या त्या मुलाकडे वळू. सलीम अली लहानपणीच आई-वडिलांना पारखे झाले. मामू अमिरुद्दीन तय्यबजी आणि मामी हमीदा बेगम यांनी त्यांना वाढवले. घरात शिकारीचा शौक होता आणि मुलाच्या हातात छोटी एअरगन होती. १९०६-०७ च्या सुमारास, दहाएक वर्षांचे असताना, त्यांनी घराच्या तबेल्यात भिंतीतल्या भोकात चिमणीचे घरटे पाहिले. मादी आत, नर बाहेर खिळ्यावर बसलेला. मुलाने बग्गीमागे लपून नराला टिपले. थोड्याच वेळात मादीने दुसरा नर आणला आणि तोही त्याच खिळ्यावर येऊन बसला. सात दिवसांत त्याने असे आठ नर मारले आणि प्रत्येक वेळी नवा नर येत राहिला. हे सगळे मुलाने वहीत लिहून ठेवले.

आज हे वाचताना आपल्याला वाईट वाटते आणि ते वाटायलाच हवे. पण त्या नोंदीत काय काय आहे ते पाहा. जागा आहे, आकडा आहे, दिवस आहेत. घरट्याची जागा रिकामी राहू नये म्हणून मादी नवा जोडीदार शोधते हे निरीक्षण आहे. मुलाने आपले कृत्य लपवलेले नाही, आणि चिमणीच्या तोंडी स्वतःच्या मनातले बोल घातलेले नाहीत. सुमारे साठ वर्षांनी झफर फतेहअली संपादित करत असलेल्या पक्षिनिरीक्षकांच्या पत्रिकेत ही नोंद जवळजवळ होती तशीच छापली गेली. दहा वर्षांच्या मुलाचे लिखाण साठ वर्षे टिकले, कारण त्याने पाहिले तेच लिहिले होते.

त्याच काळातली दुसरी गोष्ट जास्त प्रसिद्ध आहे. एकदा मारलेल्या चिमणीच्या गळ्यावर पिवळा डाग दिसला, जणू कालवणाचा डाग पडावा तसा. ही नेहमीची चिमणी नव्हती. मग ही खाणे हलाल की नाही, असा प्रश्न त्या मुलाला पडला आणि पक्षी घेऊन तो मामूंकडे गेला. मामू स्वतः जाणते शिकारी आणि बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचे सभासद होते, पण हा पक्षी त्यांनाही ओळखता आला नाही. त्यांनी काहीतरी ठोकून दिले नाही किंवा ‘जा, अभ्यास कर’ म्हणून मुलाला हाकललेही नाही. सोसायटीचे सचिव मिलार्ड यांच्या नावाने चिठ्ठी लिहून त्यांनी मुलाला तिकडे पाठवले. मिलार्ड यांनी पक्षी ओळखला. तो पिवळ्या गळ्याची रानचिमणी होता. त्यांनी मुलाला खणाखणांत जपून ठेवलेले शेकडो पक्षी दाखवले आणि वाचायला पुस्तके दिली. त्या दिवसापासून मुलाची वाट बदलली. पुढे १९८५ मध्ये आत्मचरित्र लिहिताना त्यांनी पुस्तकाच्या नावातच ही चिमणी ठेवली.

पालकांसाठी या गोष्टीत एक धडा आहे. मूल एखादे पान, किडा किंवा पीस घेऊन आले आणि आपल्याला त्याचे नाव माहीत नसले, तर त्यात कमीपणा वाटायचे कारण नाही. “मला ठाऊक नाही, कोणाला विचारू या?” एवढे म्हटले तरी खूप झाले. एक गोष्ट आणखी सांगायला हवी. हा मुलगा शाळेत पहिल्या नंबराचा नव्हता. आजारपणामुळे शिक्षणात पुन्हा पुन्हा खंड पडला आणि १९१३ मध्ये तो कसाबसा मॅट्रिक झाला. गुणपत्रिकेवरून मुलाची पारख करणाऱ्या घरांनी हे लक्षात ठेवावे.

एक जागा धरून पाहत राहिले तर काय मिळते, हेही सलीम अलींच्याच आयुष्यात दिसते. १९३० मध्ये ते जर्मनीहून पक्षिशास्त्र शिकून परत आले, तेव्हा त्यांची मुंबईच्या संग्रहालयातली नोकरी राहिली नव्हती. पत्नी तेहमिना बेगमसह ते अलिबागजवळ किहीमच्या घरी राहायला गेले. पावसाळा होता आणि घराजवळच्या झाडावर सुगरणींची वसाहत होती. हाताशी काम नाही, पण वेळ भरपूर. ते शिडीवर आडोसा करून तासन् तास बसले आणि रोजचे लिहीत गेले. नर अर्धे घरटे विणतो, मादी येऊन ते तपासते, पसंत पडले तर ताब्यात घेते, मग नर ते पुरे करतो आणि लगेच दुसऱ्या मादीसाठी नवे घरटे विणायला घेतो. हा क्रम या नोंदींतून उलगडला आणि त्यावरचा त्यांचा लेख अभ्यासकांमध्ये नावाजला गेला. सुगरण कोकणातल्या माणसाने पिढ्यान् पिढ्या पाहिलेली होती. तरीही एक माणूस वही घेऊन तिच्यासमोर बसला तेव्हाच तिच्या संसाराची ही रीत नीट कागदावर आली.

अशी लिहून ठेवायची सवय आपल्या मुलखाला नवी नाही. बादशहा जहांगीरने सारस पक्ष्यांची एक जोडी पाळली होती. त्यांची नावे लैला आणि मजनू. त्या जोडीने अंडी कधी घातली, ती कोणी कशी उबवली, पिले कशी वाढवली हे त्याने आपल्या रोजनिशीत बारकाईने लिहिले आहे. मुघल बादशहांच्या या निसर्गप्रेमावर तरुण सलीम अलींनी सोसायटीच्या नियतकालिकात लेखही लिहिले होते.

मग आपल्या मुलाने नेमके काय लिहायचे? आमच्या मते पाच गोष्टी पुरेशा आहेत. तारीख आणि वेळ. नेमकी जागा. काय दिसले आणि किती. ते काय करत होते. आणि घरात किंवा गावात त्याला काय म्हणतात. सहावी गोष्ट लिहायची असेल तर ‘मला काय वाटले’ ही लिहावी, पण ती वेगळ्या ओळीत. जे पाहिले ते एका जागी, जे वाटले ते दुसऱ्या जागी आणि जे कोणाकडून ऐकले ते तिसऱ्या जागी. एवढी शिस्त लागली तरी पुढे ते मूल पत्रकार होवो, डॉक्टर होवो की दुकानदार, ती त्याच्या कामी येईल.

नमुन्यादाखल अशी नोंद पाहा. ‘८ नोव्हेंबर, सकाळी ७ वाजून १० मिनिटे. शाळेचे मैदान, पाण्याच्या टाकीजवळ. एक हुदहुद. चोच लांब आणि वाकडी, डोक्यावर तुरा, पंखांवर काळे-पांढरे पट्टे. गवतात चालत चोच खुपसत होता. चार वेळा काहीतरी ओढून खाल्ले. मुले धावत आली तेव्हा उडाला. उडताना पट्टे जास्त दिसले. दादी म्हणाली, आमच्या गावात हे खूप असायचे.’ एवढेच. यात एकही अलंकार नाही. पण हे ज्याने लिहिले त्याने हुदहुद खरोखर पाहिला आहे, अशी वाचणाऱ्याची खात्री पटते.

हुदहुदचे नाव आम्ही मुद्दाम घेतले. आपल्या घरांतली लहान मुलेही सुलैमान अलैहिस्सलाम आणि हुदहुदची हकीकत जाणतात. हा पक्षी सबाहून स्वतः पाहिलेली पक्की खबर घेऊन येतो आणि ती खरी की खोटी हे सुलैमान अलैहिस्सलाम तपासून पाहतात. आधी स्वतः पाहणे आणि मग सांगितलेले तपासले जाणे, या दोन्ही गोष्टी निसर्गाच्या नोंदीत लागतात. पण मजा अशी की हुदहुदची हकीकत पाठ असलेल्या कितीतरी मुलांना हा पक्षी समोर आला तरी ओळखता येत नाही. तो मात्र गावाकडच्या मैदानात, कबरस्तानाच्या कडेला, शेताच्या बांधावर अनेकदा दिसतो.

काही पालक म्हणतील, “आम्ही शहरात राहतो, इथे कसला निसर्ग?” शहरातही पाहण्यासारखे पुष्कळ असते. ठाणे खाडीत हिवाळ्यात हजारो रोहित पक्षी, म्हणजे फ्लेमिंगो उतरतात. त्या खाडीचा काही भाग २०१५ पासून अभयारण्य आहे. औरंगाबादेत, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरात, दिल्ली दरवाजाजवळच्या तलावाला सलीम अली सरोवर असेच नाव आहे. सोलापूरच्या मुलांना नान्नजचे माळढोक अभयारण्य जवळ आहे. आणि यातले काही जवळ नसले तरी खिडकीतून दिसणारा एक पिंपळ असतो, मटणाच्या दुकानावर घिरट्या घालणारी घार असते, मशिदीच्या कमानीत घरटे करणारी पारव्यांची जोडी असते. घार दुकानावर किती वाजता येते, शुक्रवारी जास्त येतात का, पावसाळ्यात कुठे जातात? एका मुलाने वर्षभर एवढेच लिहिले तरी त्या मोहल्ल्याबद्दल कोणालाच माहीत नसलेले काहीतरी त्याच्या वहीत जमा होईल.

ज्यांची मुळे कोकणात आहेत त्यांच्यासाठी हा विषय आणखी जवळचा आहे. घर गावी, पोट मुंबईत आणि घरातला एक माणूस आखातात, अशी कितीतरी कुटुंबे आहेत. मे महिन्यात कुलूप उघडते, आंबे-फणस होतात, एखादे लग्न होते आणि जूनमध्ये पुन्हा कुलूप लागते. अशा घरातल्या मुलाला ‘तुझे गाव कोणते?’ विचारले तर तो नाव सांगतो. पण गावाच्या वहाळाला कधी पाणी येते, परसातल्या झाडाला काय म्हणतात, रात्री कौलांवर कोण ओरडते हे त्याला सांगता येत नाही. गावाशी असलेले नाते जमिनीच्या सातबाऱ्यावर टिकते तसे ते अशा माहितीतही टिकते, आणि सातबारा आपोआप वारसाला मिळतो तशी ही माहिती आपोआप मिळत नाही. ती विचारावी लागते.

म्हणून मुलांना एक काम द्यावे. सुट्टीत दादी, नानी किंवा गल्लीतल्या एखाद्या बुजुर्गापाशी बसून विचारायचे, तुमच्या लहानपणी इथे काय होते जे आता दिसत नाही? उत्तरात बहुधा गिधाडे येतील. मेलेले जनावर टाकले की आभाळातून उतरणारे थवे साठीच्या पुढच्या बहुतेकांनी पाहिले आहेत. १९९० च्या दशकात ते झपाट्याने संपत गेले. गुरांना वेदनाशामक म्हणून दिले जाणारे डायक्लोफेनॅक हे औषध मेलेल्या जनावराच्या मांसातून गिधाडांच्या पोटात जाई आणि त्यांचे मूत्रपिंड निकामी होई. कारण समजल्यावर २००६ मध्ये जनावरांसाठी त्या औषधावर बंदी आली. तोवर देशातली बहुतेक गिधाडे गेली होती. आपल्या गावात ती शेवटची कधी दिसली, कोणत्या झाडावर बसायची, हे आज फक्त वडीलधाऱ्यांच्या आठवणीत आहे. त्यांच्यामागे ते विचारायला कोणी उरणार नाही. सहावी-सातवीतल्या मुलाने त्यांच्याकडून ऐकून लिहिलेली दोन पाने त्या गावाचा मोलाचा दस्तऐवज ठरतील.

नावांचेही तसेच आहे. मूल घरी दखनी किंवा कोकणी बोलते, शाळेत इंग्रजी किंवा उर्दू, बाहेर मराठी. या तिन्हींच्या मध्ये पक्ष्याचे नाव हरवते. दारातला पक्षी फक्त ‘बर्ड’ राहतो. सुगरणीला उर्दूत बया म्हणतात. मराठीतला खंड्या मासे धरतो, कोतवाल कावळ्या-घारींना पिटाळतो, तांबट भांडी ठोकल्यासारखा ओरडतो. या नावांत पक्ष्याची अर्धी माहिती आलेली आहे. मुलाने आपल्या नोंदीत घरचे नाव आधी लिहावे आणि पुस्तकातले नाव नंतर शोधावे. शिक्षकांनी घरच्या नावावर लाल रेघ मारू नये.

नोंदी ठेवून आणि पहारा देऊन एक गाव काय करू शकते, ते रत्नागिरी जिल्ह्यातल्या मंडणगड तालुक्यातल्या वेळासने दाखवले आहे. तिथल्या किनाऱ्यावर ऑलिव्ह रिडले जातीची समुद्री कासवे हिवाळ्यात अंडी घालायला येतात. एका घरट्यात साधारण शंभर अंडी असतात. पूर्वी ती माणसे आणि कुत्री-कोल्हे उकरून नेत. २००२ पासून चिपळूणच्या ‘सह्याद्री निसर्ग मित्र’ संस्थेने गावकऱ्यांना बरोबर घेऊन काम सुरू केले. पहाटे किनाऱ्यावर फिरायचे, कासवाच्या पावलांच्या खुणांवरून घरटे शोधायचे, अंडी कुंपणाच्या आत पुरायची, तारीख लिहायची आणि साधारण दीड-दोन महिन्यांनी पिले निघाली की ती समुद्राकडे सोडायची. ज्या गावात अंडी खाल्ली जात, ते गाव आज कासवांचे गाव म्हणून ओळखले जाते आणि पिले पाहायला येणाऱ्या पाहुण्यांमुळे तिथल्या घरांना उत्पन्नही मिळते. कासवाची मादी मोठी झाल्यावर जिथे जन्मली त्याच परिसराच्या किनाऱ्याकडे अंडी घालायला परत येते. कोकणातल्या चाकरमान्यांच्या मुलांना हे वेगळे समजावून सांगायला नको.

आता थोडे अवघड बोलू. मुलाला खरे लिहायला सांगितले की ते कधी तरी आपल्या घराबद्दलही लिहील. अनेक घरांत पिंजऱ्यात मिठू असतो. मुलांचा तो लाडका असतो, सलाम करतो, नावाने हाक मारतो. पण आपल्याकडचा पोपट पकडणे, विकणे आणि पाळणे हा वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ नुसार गुन्हा आहे. बाजारात येणारी ती पिले झाडाच्या ढोलीतून उचललेली असतात आणि हाती लागलेल्यांपैकी कितीतरी वाटेतच मरतात. मुलाने ‘आमचा मिठू दिवसभर पिंजऱ्याच्या दाराची काडी चावतो’ असे लिहिले, तर ते खोडून ‘मिठू आमच्याकडे आनंदाने राहतो’ असे लिहायला लावू नका. त्या ओळीवर घरात बोलणे होऊ द्या. नवा पोपट आणायचा नाही एवढे ठरले तरी त्या ओळीचे काम झाले. आधीच पाळलेला पोपट मात्र एकदम उडवून देऊ नये. पिंजऱ्यात वाढलेला पक्षी बाहेर सहसा जगत नाही. त्यासाठी वनखात्याला विचारावे. तसेच ओढ्यात कचरा कोण टाकतो, खाडीत भराव कुठून येतो हे मुलाने लिहिले तर शाळेनेही घाबरू नये. खेतवाडीच्या मुलाने आठ चिमण्या मारल्याचे लिहिले होते. ते खोडायला कोणी लावले असते, तर ती नोंद आपल्यापर्यंत आलीच नसती.

मुलांचे हे लिखाण रद्दीत जाऊ नये, यासाठी सोयी आहेत. जैवविविधता कायदा, २००२ नुसार प्रत्येक ग्रामपंचायतीत आणि नगरपालिकेत जैवविविधता व्यवस्थापन समिती असते आणि तिने लोक जैवविविधता नोंदवही तयार करायची असते. गावातली झाडे, पक्षी, मासे, पिकांचे वाण, त्यांची स्थानिक नावे आणि उपयोग हे सगळे त्यात यायला हवे. बऱ्याच ठिकाणी ही वही घाईघाईने भरून कपाटात ठेवली जाते. शिक्षकांनी आपल्या गावची वही पाहायला मागावी आणि मुलांच्या नोंदी समितीकडे द्याव्यात. वस्तीतल्या बुजुर्गांना माहीत असलेली झाडपाल्याची आणि माशांची नावे त्या वहीत आली नाहीत, तर आपल्या वस्तीची माहिती गावाच्या दप्तरात कोरीच राहील.

झाडांसाठी ‘सीझनवॉच’ नावाचा देशव्यापी उपक्रम आहे. त्यात शाळकरी मुले एकच झाड निवडून दर आठवड्याला त्याची पाने, फुले, फळे किती आहेत ते नोंदवतात. आंब्याला मोहोर पूर्वीपेक्षा लवकर येतो की उशिरा, याचे उत्तर अशा नोंदींतून मिळते. पक्ष्यांसाठी ‘ईबर्ड’ आहे. मोठ्यांच्या मदतीने मुले तिथे आपली यादी देऊ शकतात. अकरावी-बारावीच्या मुलांना पर्यावरणाचा प्रकल्प करावाच लागतो. दुकानातून तयार फाईल विकत आणण्याऐवजी त्यांनी आपल्या गल्लीतल्या दहा झाडांची वर्षभराची नोंद दिली, तर पैसे वाचतील आणि काहीतरी हाती लागेल.

शिक्षक मित्रांना एक विनंती आहे. या पक्षी सप्ताहात ‘पक्षी आपले मित्र’ हा विषय देऊ नका. ‘माझ्या घरापासून शंभर पावलांत’ असा विषय द्या. एक आठवडा आधी सांगा, म्हणजे मूल रोज दहा मिनिटे पाहील. निबंध लांबीवर तपासू नका. जागा आहे का, तारीख आहे का, स्वतः पाहिलेले आहे का, एवढे पाहा. ज्या मुलाचे शुद्धलेखन कच्चे आहे पण डोळा पक्का आहे, त्याला या वेळी पहिला नंबर मिळू द्या.

आणि घरातल्या मोठ्यांना एवढेच सांगणे की एक शंभर पानी वही, एक पेन्सिल आणि रोजची दहा मिनिटे यापलीकडे याला खर्च नाही. दुर्बीण नसली तरी चालते. वही मुलाची असावी, तिच्यात आपण सुधारणा करू नयेत. रविवारी जेवणानंतर त्याला एक पान मोठ्याने वाचायला सांगावे आणि दादीने त्यात आपली एक आठवण घालावी.

या महिन्यात आमच्या वाचकांच्या मुलांनी आपल्या परिसरातली एक नोंद, दहा ओळींच्या आत, या सदरासाठी जरूर पाठवावी. गाव आणि तारीख लिहायला विसरू नका. भाषा सजवू नका, मोठ्यांकडून दुरुस्त करून घेऊ नका. निवडक नोंदी पुढच्या अंकांत आम्ही जशाच्या तशा छापू. एखाद्या मुलाने ‘आज काहीच दिसले नाही’ असे लिहून पाठवले, तरी आम्हाला ते चालेल. मात्र कुठे आणि किती वेळ पाहिले, ते त्याने लिहायला हवे.